एअर नौरू: एका चिमुकल्या बेटाच्या विमान कंपनीची सुरुवातीची वर्षं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एअर नौरूचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एकाला हसू आवरत नाही, दुसऱ्याला फार कौतुक वाटतं. दोघांचे प्रश्न मात्र सारखेच असतात. ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. भर १९७० च्या दशकावर आहे, नंतरचं अगदी थोडक्यात.

नौरू नेमकं आहे तरी कुठे?

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताला जेमतेम चुकवून दक्षिणेला. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. किनाऱ्याने जाणारा गोल रस्ता गाडीने अर्ध्या तासात संपतो आणि आपण निघालो तिथेच परत येतो. सगळ्यात जवळचं बेट म्हणजे बानाबा, तेही ३०० किलोमीटर पूर्वेला. ब्रिस्बेन सुमारे ३,३०० किलोमीटर, मेलबर्न ४,७०० च्या आसपास. १९७० च्या सुमारास बेटावर साडेसहा-सात हजार माणसं राहत होती आणि त्यांतले मूळ नौरूवासी निम्म्याच्या आसपास. बाकीचे खाणकामासाठी आलेले गिल्बर्ट आणि एलिस बेटांवरचे (आजचे किरिबाटी आणि तुवालू), हाँगकाँगचे चिनी कामगार आणि ऑस्ट्रेलियन अधिकारी.

(नावाचा उच्चार नौरू, नाऊरू असा दोन्ही तऱ्हांनी होतो. इथे सगळीकडे नौरू लिहिलं आहे.)

एवढ्याशा बेटाला स्वतःची विमान कंपनी हवी होतीच कशाला?

याचं उत्तर आकाशात नाही, समुद्रात आहे. नौरूला तेव्हा बंदर नव्हतं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि त्या कड्यापलीकडे समुद्राचा तळ एकदम खोल जातो, इतका की जहाजाला नांगर टाकायला जागा नाही. त्यामुळे जहाजं खोल पाण्यात बांधून ठेवलेल्या बोयांना, म्हणजे तरंगत्या पिंपांना, अडकवून उभी करायची, फॉस्फेट किनाऱ्यावरून पुढे आलेल्या लांब लोखंडी हातांवरच्या पट्ट्यांनी थेट जहाजात ओतायचं, आणि माणसं व सामान सपाट नावांतून किनाऱ्यावर आणायचं. कोकणबोटीच्या गोष्टी घरात ऐकलेल्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र चटकन उभं राहील: बोट बाहेर थांबलेली, आणि उतारू पडावातून हेलकावे खात काठाला येताहेत. फरक इतकाच की कोकणात बोट चुकली तर घाटावरून वाट होती. इथे नव्हती. पश्चिमेचा वारा सुरू झाला की जहाजं कित्येक दिवस दूर समुद्रातच ताटकळत राहत.

शिवाय ही जहाजं नौरूवासीयांची नव्हती. ती होती ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सची, म्हणजे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी मिळून चालवलेल्या खाण संस्थेची. घरात कुणी आजारी पडलं, पोराला ऑस्ट्रेलियात शाळेत पाठवायचं झालं, तरी ज्यांनी बेट खणलं त्यांच्याच बोटीत जागा मागायची.

३१ जानेवारी १९६८ ला नौरू स्वतंत्र झालं. वर्ष-दोन वर्षांतच नव्या सरकारने दोन गोष्टी उभ्या करायला घेतल्या, स्वतःची जहाज कंपनी आणि स्वतःची विमान कंपनी. मला यात हौस कमी आणि हिशेब जास्त दिसतो.

पण त्याच वेळी लोकांना दुसऱ्या बेटावर हलवायचंही ठरत होतं ना?

ठरत नव्हतं, सुचवलं गेलं होतं. खाणीने बेटाचा मधला भाग पोखरून निघणार हे दिसत होतं, म्हणून ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं कर्टिस बेट देऊ केलं. तिथे नौरूवासीयांना राहायला जागा मिळाली असती, पण स्वतंत्र देश म्हणून नाही. १९६४ मध्ये त्यांनी नकार दिला. इथेच राहायचं, हे एकदा ठरल्यावर इथून ये-जा कशी करायची हा प्रश्न दत्त म्हणून उभा राहणारच होता.

पहिलं विमान कोणतं आणि ते कधी उडालं?

कंपनीची स्थापना १९६९ ची. पहिली सेवा १४ फेब्रुवारी १९७० ला सुरू झाली, नौरू ते ब्रिस्बेन, आणि तीही प्रायोगिक तत्त्वावर. विमान होतं फ्रेंच बनावटीचं दासो फाल्कन २०. हे खरं तर उद्योगपतींसाठी बनवलेलं दोन जेट इंजिनांचं छोटं विमान, आठ-दहा माणसांपुरतं. (अमेरिकेत फेडएक्सने १९७३ मध्ये पार्सलं पोचवायला सुरुवात केली, तीही याच जातीच्या विमानांनी.)

बहुतेक छोट्या कंपन्या पंख्याच्या जुन्या विमानांवर हात बसवतात आणि मग जेटकडे वळतात. नौरूने पहिल्या दिवसापासून जेट घेतलं. त्यात दिमाख होताच, पण ३,३०० किलोमीटर समुद्रावरून जायचं असेल तर वेग ही चैन राहत नाही.

१९७२ मध्ये डच बनावटीचं फोकर एफ-२८ आलं, साठ-पासष्ट आसनांचं. तेव्हा कुठे तिकीट काढून बसावं अशी ही खरीखुरी विमान कंपनी झाली. त्याच वर्षी इतर देशांत कायमस्वरूपी उड्डाणांची परवानगीही मिळाली. दशकाच्या मध्यावर बोइंग ७३७ आणि मागोमाग तीन इंजिनांचं ७२७ आलं.

विमानतळ कुणी बांधला?

जपान्यांनी, आणि तो इतिहास सुखाचा नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्याने नौरू घेतलं. यारेन भागात किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर त्यांनी धावपट्टी बांधायला घेतली, आणि काम करून घेतलं ते वेठबिगारीने. त्यात नौरूवासी होते, कोरियन मजूरही होते. १९४३ च्या सुरुवातीला धावपट्टी वापरात आली आणि लगेच त्याच वर्षी अमेरिकी बॉम्बफेकही सुरू झाली. म्हणजे बेटावरच्या माणसांनी जबरदस्तीने जी पट्टी बांधली, तिच्यामुळेच त्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडले. बेटावर धान्य पुरेना, तेव्हा जपान्यांनी सुमारे १,२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर, म्हणजे आजच्या चूकला, हलवलं. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ ला परत आले. स्वातंत्र्यासाठी ३१ जानेवारी ही तारीख निवडली ती याच आठवणीसाठी.

देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डी रॉबर्ट हे ट्रुकला नेलेल्यांपैकी एक होते. त्याच जागी, त्याच पट्टीवर आपल्या देशाचं विमान उतरताना त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. नौरूच्या विमान कंपनीवर विनोद करणाऱ्यांना ही बाजू बहुधा माहीत नसते.

पैसा कुठून आला?

जमिनीतून, अक्षरशः. नौरूचं फॉस्फेट जगातल्या सगळ्यात शुद्ध फॉस्फेटांपैकी. त्याचा शोधही मजेदार. सिडनीच्या एका कचेरीत दार अडवायला ठेवलेला दगड होता. तो अल्बर्ट एलिस या माणसाने तपासून पाहिला आणि ते उत्तम फॉस्फेट निघालं. ही विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावरची गोष्ट. पुढची साठ-सत्तर वर्षं ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर बाजारभावापेक्षा कमी दराने जात राहिलं.

१९६७ च्या कराराने नौरूने खाणीची सगळी यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं आणि १९७० मध्ये खाण नौरूच्या स्वतःच्या महामंडळाकडे आली. त्याच वर्षी फाल्कनची फेरी सुरू झाली. मग १९७३-७४ मध्ये मोरोक्कोने फॉस्फेटचे दर वाढवले आणि जगभर भाव कित्येक पटींनी चढले. नौरूतून वर्षाला वीस लाख टनांच्या आसपास माल निघत असे. सात हजार माणसांच्या देशात एवढा पैसा आला की दरडोई उत्पन्नात नौरूचं नाव जगातल्या श्रीमंत देशांच्या रांगेत लागलं. आयकर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. बोइंग विमानं आली ती याच काळात. मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाऊस १९७७ मध्ये उभं राहिलं, तेही याच पैशातून. पक्ष्यांच्या विष्ठेपासून फॉस्फेट बनतं या समजुतीवरून मेलबर्नकरांनी त्या इमारतीला जे टोपणनाव ठेवलं ते इथे न लिहिलेलं बरं.

फिजीच्या कंपनीत नौरूचा हिस्सा होता असं वाचलं. मग वेगळी चूल कशाला?

चांगला प्रश्न, आणि तो सहसा कुणी विचारत नाही.

फिजी एअरवेज ही हॅरल्ड गॅटी या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने स्थापन केलेली कंपनी. तिची उड्डाणं १९५१ मध्ये सुरू झाली. १९६० च्या दशकात आसपासच्या बेटांच्या सरकारांनी तिच्यात भाग घेतले: टोंगा, पश्चिम सामोआ, सॉलोमन, गिल्बर्ट आणि नौरूसुद्धा. पुढे तिचं नाव एअर पॅसिफिक झालं. कल्पना छान होती. सगळ्या बेटांनी मिळून एकच कंपनी चालवायची, खर्च वाटून घ्यायचा.

पण भागीदारीतलं दुखणं आपल्यालाही ठाऊक आहे, भागीचं घोडं किवणाने मेलं. कंपनीचं घर फिजीत, त्यामुळे वेळापत्रक फिजीच्या सोयीचं. दूरच्या, थोड्या प्रवाशांच्या बेटाची फेरी नेहमी शेवटी. नौरूला हवी होती उत्तर-दक्षिण वाट. तोवर पॅसिफिकमधल्या दोन शेजारी बेटांमध्ये जायचं तरी आधी फिजी, होनोलुलू किंवा सिडनी गाठावं लागे, कारण विमानमार्ग जुन्या सत्तांच्या केंद्रांकडे धावत होते. अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांसाठी १९६८ मध्ये एअर मायक्रोनेशिया सुरू झाली, पण तीही होनोलुलू ते ग्वाम, म्हणजे आडवी. उभी रेघ कुणीच ओढली नव्हती. ती नौरूने ओढली.

एकेका बेटाने अशी आपापली कंपनी काढल्यावर सामाईक कंपनीची कल्पना लंगडी पडली, हेही खरं. त्या अपश्रेयात नौरूचा वाटा मोठा आहे.

कुठे कुठे जायची ही विमानं?

विचारा कुठे जायची नाहीत! तारावा (आजचं किरिबाटी), माजुरो (मार्शल बेटं), पोनपे, ग्वाम, होनियारा (सॉलोमन बेटं), नुमेया, पोर्ट व्हिला, सुवा, नांदी, आपिया, पागो पागो, ऑकलंड, मेलबर्न, होनोलुलू, मनिला, हाँगकाँग, तैपेई, आणि जपानमध्ये कागोशिमा व ओकिनावाचं नाहा. सगळी एकाच वेळी नव्हेत. ठिकाणं येत-जात राहिली.

यातली कित्येक उड्डाणं नौरूच्या माणसांसाठी नव्हतीच. दुसऱ्या दोन देशांमधले प्रवासी नेण्याचा हक्क एकेका देशाकडून वाटाघाटीने मिळवावा लागतो, आणि मोठे देश तो छोट्यांना सहजासहजी देत नाहीत. तरी तारावा किंवा माजुरोच्या माणसाला बाहेर पडायला नौरूचं विमान ही किती मोठी सोय होती, हे तिकीटविक्रीच्या आकड्यांत दिसत नाही.

वैमानिक नौरूचेच होते का?

सुरुवातीच्या काळात जवळजवळ सगळे बाहेरचे, मुख्यतः ऑस्ट्रेलियासारख्या देशांतले. दुरुस्ती-देखभालही बाहेर, आणि सुरक्षेच्या तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाच्या यंत्रणेवर भिस्त. सहा-सात हजारांच्या वस्तीत जेट वैमानिक आणि अभियंते एका रात्रीत तयार होत नसतात. पण याचा अर्थ विमान आपलं, चालवणारा हात दुसऱ्याचा आणि त्याच्या सक्षमतेचा दाखलाही दुसऱ्याचा, असा होतो. १९८८ मध्ये वैमानिकांचा संप झाला, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मान्यता काढून घेतली आणि विमानं जमिनीवर बसली, तेव्हा हे परावलंबन उघडं पडलं.

भर समुद्रात एवढंसं बेट सापडायचं कसं?

तेव्हा जीपीएस नव्हतं. बेटाचा सगळ्यात उंच भाग सत्तर मीटरच्या आसपास, म्हणजे दुरून दिसावं असा डोंगरही नाही. रेडिओ बीकनकडे, म्हणजे जमिनीवरून खुणेच्या लहरी सोडणाऱ्या यंत्राकडे, काटा वळला की त्या दिशेने जायचं, आणि त्याआधी वेग, दिशा, वारा यांचा हिशेब अचूक ठेवायचा.

खरी डोकेदुखी इंधनाची. उतरायच्या ठिकाणी पाऊस-ढग आडवे आले तर दुसरीकडे जाता यावं एवढं जादा इंधन प्रत्येक विमानात असतं. मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबाद आहे. नौरूला उतरता आलं नाही तर? तारावा ७०० किलोमीटर, होनियारा साडेबाराशे. म्हणून एकतर तिथवर पुरेल एवढं इंधन बाळगायचं, नाहीतर बेटावरच बराच वेळ घिरट्या घालता येतील एवढं. दोन्हीत वजन वाढतं. वजन वाढलं की माणसं आणि सामान कमी. तेव्हा रिकाम्या आसनांचा हिशेब मांडताना ही गोष्टही ध्यानात ठेवावी. वरून खारं वारं, जे धातूला सुखाने जगू देत नाही. आणि बेटावर लागणारा एकेक नटबोल्ट बाहेरून येणार.

बेटावर घड्याळ अर्ध्या तासाने वेगळं होतं म्हणे?

हो. १९७९ पर्यंत नौरू ग्रिनिचच्या साडेअकरा तास पुढे होतं, आपल्यासारखंच अर्ध्याचं घड्याळ. मग सरळ बारा तास केले. होनोलुलूहून येणाऱ्याचा एक अख्खा दिवस मध्ये गायब व्हायचा तो वेगळाच.

देशाच्या दहा टक्के लोकांना एकाच वेळी विमानात बसवता येईल इतकी विमानं होती, हे खरं आहे का?

खरं आहे, पण ते सुरुवातीचं चित्र नव्हे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ताफ्यात सात बोइंग होती, ७३७ आणि ७२७ मिळून. लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास. करा गुणाकार. त्या काळात विमानं सरासरी वीस टक्क्यांच्या आसपासच भरत असं सांगितलं जातं, म्हणजे पाचातली चार आसनं रिकामी. फाल्कनच्या दिवसांत असं काही नव्हतं. आठ-दहा आसनं आणि जायला उत्सुक माणसं, प्रमाण ठीक होतं.

माझ्या मते घोटाळा कंपनी काढण्यात नाही, आकड्यात आहे. एक-दोन विमानं ही या बेटाची गरज होती. सात विमानं हा फॉस्फेटच्या भावाचा चढलेला कैफ होता.

राष्ट्राध्यक्ष प्रवाशांना उतरवून विमान घेऊन जायचे, हे कितपत खरं?

अशा गोष्टी पॅसिफिकमध्ये सर्रास सांगितल्या जातात आणि त्यांना मीठमसाला लावण्याचंही काम झालेलं आहे. तक्रार मात्र जुनी आहे. सरकारी काम निघालं की वेळापत्रक कोलमडायचं आणि वाटेतल्या बेटावर उतारू खोळंबायचे. कंपनी सरकारी खात्यासारखी चालली की असं होणारच. एसटी महामंडळाची गाडी मंत्र्यांच्या सभेला वळवली की स्थानकावर जे होतं, तेच इथे. फक्त पुढची गाडी चार दिवसांनी.

मग हा सगळा उधळेपणाच नव्हता का?

अर्धा होता. बोइंगांच्या काळात तोटा दरवर्षी सरकार भरून काढत होतं, तोही अशा खाणीच्या पैशातून जी पुन्हा भरून येणार नव्हती. बसून खाल्लं तर कुबेराचं धनही पुरत नाही, इथे तर देश स्वतःची जमीनच विकून खात होता.

उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र मी भांडेन. रस्त्याला नफा होतो का, असं आपण विचारत नाही. पुलाला, धक्क्याला विचारत नाही. ज्या बेटाला तेव्हा जहाजांचा धक्काच नव्हता, त्याने धक्क्याऐवजी विमान घेतलं. मेलबर्नला शस्त्रक्रियेसाठी निघालेला रोगी, वसतिगृहातून सुट्टीला घरी येणारी मुलं, आठवड्याचं टपाल: हे सगळं ताळेबंदात तोट्याच्या बाजूलाच दिसणार. सत्तर वर्षं स्वस्तात फॉस्फेट नेणाऱ्यांनी या तोट्याला हसावं हे जरा जास्तच होतं.

पुढे काय झालं?

फॉस्फेट संपत आलं, गुंतवणुकी बुडाल्या, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ताफा आकसत एका विमानावर आला. डिसेंबर २००५ मध्ये ते शेवटचं बोइंग ७३७ सुद्धा कर्ज थकल्यामुळे अमेरिकेच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेने परत घेतलं. काही महिने बेट पुन्हा विमानाविना, १९६९ सारखं. २००६ मध्ये तैवानच्या मदतीने ‘अवर एअरलाइन’ या नावाने सेवा सुरू झाली, आणि २०१४ मध्ये कंपनीचं नाव नौरू एअरलाइन्स झालं.

आज भारतातून जाता येतं का?

थेट नाही. ब्रिस्बेन गाठून तिथून नौरू एअरलाइन्सचं विमान पकडायचं. नौरूचा व्हिसा आधी काढावा लागतो, आणि ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे पाहावेत.

धावपट्टीजवळ रस्त्यावरची वाहतूक थांबवतात, ही थाप आहे ना?

नाही. बेट एवढं अरुंद की धावपट्टी, किनाऱ्याचा रस्ता, पलीकडे संसद आणि सरकारी कचेऱ्या, सगळं एकाला एक चिकटून. विमान यायच्या वेळी रस्ता अडवतात. मोटारी आणि स्कूटरवाले थांबतात, विमान उतरतं, आणि मग जो तो आपापल्या कामाला निघतो.